ऑनलाइन कोर्सचा डॅशबोर्ड आणि नोकरीला लागणारी कौशल्यं: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षावाल्यांची गर्दी पहिल्यापासून आहे. अलीकडे त्यांच्याच बाकांवर ऑनलाइन कोर्स लावलेली मुलं-मुलीही बसतात. कुणी शिरोली एमआयडीसीतून फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर येतं, कुणी विद्यापीठातून, कुणी कागल-हुपरीहून. कोर्स वेगळे असले तरी डॅशबोर्ड उघडून विचारलेले प्रश्न फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. तुम्हाला लागणारा प्रश्न तेवढा वाचलात तरी चालेल, पण चौथा आणि सहावा सोडू नका.

१. डॅशबोर्डवरचे आकडे नेमके कशाचे असतात?

साइट कुठलीही असो, मुख्यतः चार गोष्टी दिसतात: किती वेळ घालवला, किती भाग पूर्ण झाला, गुण किती आणि कुठली कौशल्यं ‘मिळाली’.

यातला वेळ सगळ्यात कच्चा. व्हिडिओ चालू ठेवून जेवायला बसलात तरी मिनिटं पडत राहतात. ‘पूर्ण’ कशाला म्हणायचं हे कोर्स बनवणारा ठरवतो. बऱ्याच कॉलेजांत मूडल ही ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली वापरतात, त्याचं उदाहरण घ्या. त्यात शिक्षकाला पर्याय असतात: विद्यार्थ्यानं स्वतःच झाल्याची खूण करायची, पान उघडलं की आपोआप खूण पडायची, किंवा ठरावीक गुण मिळाले तरच पडायची. पहिल्या दोन पद्धतींत पीडीएफ उघडून लगेच बंद केली तरी काम फत्ते. त्यामुळे तुमच्या कोर्सला यातला कुठला नियम लावलाय, ते आधी बघून घ्या.

गुण त्यातल्या त्यात भरवशाचे. तरी क्विझ कितीही वेळा देता येत असेल आणि सगळ्यात चांगला प्रयत्न धरला जात असेल, तर चौथ्या खेपेचे पैकीच्या पैकी म्हणजे पाठ झालेले पर्याय. कौशल्यांची नावं तर बहुतेक ठिकाणी कोर्सला आधीच चिकटवलेली असतात. कोर्स संपला की ती तुमच्या नावावर जमा होतात, त्यासाठी वेगळी परीक्षा कुणी घेत नाही.

२. कोर्स १०० टक्के झाला, पण मुलाखतीत साधं विचारलेलं सांगता येईना. चुकलं कुठं?

घरात जनावरं असतील तर लगेच समजेल. संस्थेत दूध घातलं की नुसत्या लिटरवर बिल निघत नाही, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागतोच. डॅशबोर्ड लिटर मोजतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. एक मॉड्यूल संपलं की व्हिडिओ बंद करा आणि तेच काम कोऱ्या पानावरून करून बघा. एक्सेलचा भाग असेल तर कोरी शीट घेऊन पिव्होट लावा. पायथनचा असेल तर रिकामी फाइल उघडा. मध्ये दोनदा व्हिडिओ उघडावा लागला, तर साइटवर काहीही दिसो, तुमच्या हिशेबी तो भाग बाकी आहे. तिथून पुढं जायला हरकत नाही, फक्त तो बाकी आहे याची नोंद हवी.

३. मग डॅशबोर्ड बघायचाच नाही का?

बघायचा की. असाइनमेंटची शेवटची तारीख, राहिलेले भाग, क्विझमध्ये सारखा चुकणारा विषय या गोष्टींसाठी त्याच्यासारखी सोय नाही. विशेषतः चुकलेल्या प्रश्नांची यादी. ती कुणी उघडत नाही, सगळे टक्के बघून खूश होतात.

४. नोकरीला नेमकी कुठली कौशल्यं लागतात, हे शोधायचं कसं?

इथं घाई करू नका. एकदा यादी नीट झाली की पुढचं सगळं सोपं जातं.

सुरुवात जाहिरातींपासून करा. तुम्हाला हव्या त्याच पदाच्या दहा-बारा जाहिराती गोळा करा. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल २०१५ पासून आहे, राज्याचं महास्वयंम आहे, खासगी साइट्स आहेत आणि एमआयडीसीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारे फोटोही आहेत. शेवटचे फोटो टाकाऊ समजू नका, इथल्या कारखान्यांची खरी भाषा त्यातच सापडते. प्रत्येक जाहिरातीतली मागणी एकेका ओळीत उतरवा आणि तीच मागणी परत आली की पुढं एक रेघ ओढा. ज्याच्यापुढं रेघा जास्त, ते आधी शिकायचं.

व्हीएमसीचं, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनच्या एका प्रकाराचं उदाहरण घेऊ, कारण आमच्याकडं निम्मे प्रश्न त्याचेच असतात. ऑनलाइन कोर्सच्या पानावर लिहिलेलं असतं: ‘सीएनसी प्रोग्रॅमिंग, जी-कोड, एम-कोड, सिम्युलेशन’. गोकुळ शिरगावातल्या जाहिरातीत असतं: ‘फॅनुक कंट्रोल, सेटिंग जमलं पाहिजे, ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, इन्स्पेक्शन’. जी-कोड, एम-कोड म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा आणि फॅनुक हा कंट्रोलचा एक ब्रँड. वरवर दोन्ही एकच वाटतं. आता मशीनपुढं उभं राहून बघा. कास्टिंग फिक्स्चरमध्ये पकडायचं, डायल लावून ते सरळ आहे का बघायचं, जॉबचा शून्य बिंदू शोधून तो जी-५४ मध्ये भरायचा. प्रत्येक टूलची लांबी घेऊन ऑफसेट टाकायचा, म्हणजे जी-४३ आल्यावर मशीन बरोबर उंचीवर थांबेल. पहिला जॉब सिंगल ब्लॉकवर, फीड कमी ठेवून, बोट स्टॉपच्या बटणाजवळ ठेवून काढायचा. मग मायक्रोमीटरनं मोजून दोन शतांश मिलिमीटरचा फरक असेल तर ऑफसेटमध्ये तेवढीच दुरुस्ती करायची. हे सगळं ‘सेटिंग’ या एका शब्दात आलं. कोर्सनं त्यातला जी-कोडचा भाग शिकवला. उरलेला कोर्सच्या यादीत नाही, म्हणून डॅशबोर्डवर त्याची रिकामी जागासुद्धा दिसत नाही.

म्हणून जाहिराती झाल्या की त्या कामावर असलेल्या एका माणसाला गाठा. मामा, शेजारी, आयटीआयचा सीनियर, कुणीही चालेल. ‘काय शिकू?’ असं विचारू नका, उत्तर ‘सगळंच शीक’ असं येतं. ‘काल दिवसभरात काय काय केलंत?’ असं विचारा.

५. क्यूपी, एनओएस, एनएसक्यूएफ लेव्हल हे काय प्रकरण आहे?

नावं घाबरवणारी आहेत, आत माल चांगला आहे. एनएसक्यूएफ ही देशाची कौशल्य पात्रता चौकट, २०१३ साली अधिसूचित झालेली. सुरुवातीला १ ते १० पातळ्या होत्या, २०२३ च्या सुधारणेनंतर त्या १ ते ८ झाल्या आणि मध्ये अर्ध्या पातळ्या आल्या. अंदाज यावा म्हणून सांगतो, तीन वर्षांची पदवी ५.५ वर बसते, चार वर्षांची ६ वर, पीएचडी ८ वर.

क्यूपी म्हणजे एका कामाची पूर्ण पात्रता-पुस्तिका आणि एनओएस म्हणजे त्या कामाचे सुटे तुकडे. प्रत्येक तुकड्यात माणसाला काय करता आलं पाहिजे, काय माहीत पाहिजे आणि कशाला किती गुण, हे ओळीनं दिलेलं असतं. नॅशनल क्वालिफिकेशन रजिस्टरच्या साइटवर या पुस्तिका फुकट मिळतात. सीएनसी-व्हीएमसीच्या बघायच्या असतील तर कॅपिटल गुड्स स्किल कौन्सिलच्या शोधा. भाषा सरकारी आहे, वाचताना डुलकी येते. पण ‘करता आलं पाहिजे’वाल्या ओळी तेवढ्या काढून घेतल्या तर तयार यादी हातात येते. प्रात्यक्षिकाला आणि लेखीला किती गुण ठेवलेत, तेही तिथंच समजतं. फक्त या पुस्तिका देशभरासाठी आहेत. आपल्या भागात काय चालतं ते प्रश्न ४ मधल्या यादीवरूनच ठरवा.

६. स्वतःची पातळी मोजायची कशी? टक्के लिहायचे का?

टक्के नकोत. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या बऱ्याच फाउंड्री आणि मशीनशॉपमध्ये भिंतीवर स्किल मॅट्रिक्स लावलेलं असतं, ते बघितलं असेल. उभ्या ओळीत कामगारांची नावं, आडव्या ओळीत मशीनं किंवा ऑपरेशनं आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचं एक वर्तुळ. एक भाग भरला असेल तर शिकतोय, दोन म्हणजे देखरेखीखाली करतो, तीन म्हणजे एकटा करतो, चार म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. ऑडिटला आलेला माणूस हमखास त्यापुढं थांबतो, कारण आयएसओ ९००१ मध्ये कामगाराची क्षमता दाखवणाऱ्या नोंदी ठेवाव्याच लागतात.

माझ्या मते कुठल्याही महागड्या लर्निंग साइटच्या डॅशबोर्डपेक्षा हे वर्तुळ सरस आहे. ‘६८ टक्के एक्सेल’ याला काही अर्थ लागत नाही. ‘देखरेखीखाली करतो’ याला लागतो.

तुमच्यासाठी असंच एक पान आखा. डाव्या बाजूला प्रश्न ४ मधली यादी, पुढं वर्तुळ, त्यापुढं ‘पुरावा’ आणि शेवटी तारीख. पुराव्याच्या रकान्यात कोर्सचं नाव लिहायचं नाही, केलेलं काम लिहायचं. एका बी.कॉम. झालेल्या मुलीचं पान साधारण असं होतं. पाच ओळी: टॅलीत खरेदी-विक्री नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) तयार करणं, २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा जीएसटी पोर्टलवरचा तक्ता) जुळवणं, एक्सेलमध्ये पिव्होट. साइटवर तिचा ‘अॅडव्हान्स्ड एक्सेल’ जवळजवळ संपला होता. वर्तुळात मात्र २बी जुळवण्यापुढं एकच भाग भरलेला, आणि मार्केट यार्डातल्या पेढीवर किंवा सीएच्या ऑफिसात पहिला प्रश्न तोच येतो. महिन्याच्या १४ तारखेला २बी तयार होतं, २० ला ३बी (महिन्याचं जीएसटी विवरणपत्र) भरायचं, मधल्या चार-पाच दिवसांत कुठल्या पुरवठादारानं बिल दाखवलं नाही ते शोधायचं, हे तिथलं रोजचं दुखणं. तिनं कोर्स तिथंच थांबवला आणि ओळखीच्या एका दुकानदाराची जुनी बिलं घेऊन तीन महिन्यांची जुळवणी करून बघितली. पिव्होट त्याच कामात आपसूक शिकून झालं.

वर्तुळ स्वतः भरलं तर हात सैल सुटतो. एकट्यानं केलेलं काम दुसऱ्या कुणी तपासलं असेल तरच तिसरा भाग रंगवायचा, एवढा नियम पाळा.

७. साइट स्वतःच ‘स्किल गॅप’ काढून देते. त्यावर भरवसा ठेवावा का?

निम्मा. अशा सोयी साधारण दोन प्रकारे चालतात. एक तर तुम्हालाच तुमची पातळी विचारतात, नाहीतर बायोडाट्यातले शब्द पदाच्या यादीतल्या शब्दांशी जुळवतात. बायोडाट्यात ‘डेटा व्हिज्युअलायझेशन’ हा शब्द नसेल तर तफावत दिसते, शब्द लिहिला की मिटते. आणि तफावत भरायला सुचवलेला कोर्स त्याच साइटचा असतो, हे विसरायचं नाही. तिथले सुचलेले शब्द घ्या, आपल्या यादीत ते रेघा मिळवतात का बघा, नाहीतर सोडून द्या.

८. एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमाचा) कोर्स केलाय. डॅशबोर्डवर असाइनमेंटचे गुण चांगले आहेत, म्हणजे सर्टिफिकेट नक्की ना?

नाही. इथं बरेच जण फसतात. अंतिम गुणांत असाइनमेंटचा वाटा २५ आणि देखरेखीखालच्या परीक्षेचा ७५. सर्टिफिकेटसाठी दोन्हीकडं वेगवेगळं पास व्हावं लागतं: असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३०. एकीकडची कसर दुसरीकडं भरून निघत नाही.

असाइनमेंटची सरासरीही सगळ्यांची नसते. १२ आठवड्यांच्या कोर्सला सर्वोत्तम ८, आठ आठवड्यांच्याला ६, चार आठवड्यांच्याला ३ धरतात. त्यामुळे मध्ये गणपतीचा एक आठवडा गेला म्हणून कोर्स सोडायचं कारण नाही. ६० किंवा त्याहून जास्त मिळाले तर सर्टिफिकेटवर एलिट येतं, ७५ ला त्यासोबत सिल्व्हर, ९० ला गोल्ड.

शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षेची फी मात्र भरावी लागते आणि तिची नोंदणी वेगळी असते. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही घातलं असं नाही. शेवटची तारीख कोर्सच्या मध्यातच कुठंतरी येऊन जाते, ती कॅलेंडरला लावून ठेवा.

९. विद्यापीठाच्या मार्कशीटमध्ये स्वयम्‌चे क्रेडिट धरतात का?

स्वयम् हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, आणि क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारं कोर्सचं वजन. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम्‌वरून घेता येतात. पण कुठला कोर्स कुठल्या विषयाच्या बदली चालेल, हे तुमचं कॉलेज आणि विद्यापीठ ठरवतं. आधी विभागात विचारा, लेखी घ्या, मगच नाव घाला. कोर्स करून झाल्यावर विचारायला गेलेल्यांची तोंडं आम्ही बघितली आहेत.

१०. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये (एबीसी, म्हणजे विद्यार्थ्यांची क्रेडिट जमा होणारं ऑनलाइन खातं) माझं क्रेडिट दिसत नाही. काय करू?

पहिल्यांदा नाव तपासा. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कोर्सच्या साइटवर वडिलांचं नावच नाही आणि कॉलेजच्या नोंदीत एका अक्षराचा फरक. आपल्याकडं हे घरोघरी आहे. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत तर दोन आडनावांचा घोळ. डिजिलॉकर, आधार आणि कोर्सचं खातं या तिन्हीकडं नाव आणि जन्मतारीख अक्षरशः सारखी हवी. नाव घालतानाच हे केलं तर पुढचे हेलपाटे वाचतात.

नाव बरोबर असेल तर बँकेत क्रेडिट भरायचं काम संस्थेचं आहे, तुमचं नाही. कॉलेजच्या परीक्षा विभागात एबीसी किंवा अपार (विद्यार्थी ओळख) क्रमांक देऊन अर्ज करा आणि पोच घ्या. क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात, तेव्हा एका महिन्याच्या उशिरानं काही बुडत नाही.

११. शिफ्टमुळे रोज जमत नाही. साखळी तुटली की मनच उडतं.

सलग दिवसांची साखळी ही तुम्हाला रोज साइटवर आणायची युक्ती आहे. रोज पाच मिनिटं उघडून ती टिकवता येते आणि त्यात शिकणं शून्य. शिफ्ट बदलत असेल, घरी दूध असेल, गळीत हंगामात घरातलं सगळं वेळापत्रक उसाच्या तोडीवर चालत असेल, तर रोजचं उद्दिष्ट ठेवूच नका, आठवड्याचं ठेवा.

हिशेबाला एक सोपा आधार आहे. राष्ट्रीय क्रेडिट चौकटीत एक क्रेडिट म्हणजे ३० तास, आणि त्यात वर्ग, सराव, स्वाध्याय सगळं आलं. दोन क्रेडिटचा कोर्स म्हणजे ६० तास. आठवड्याला पाच तास मिळत असतील तर बारा आठवडे. व्हिडिओ मात्र पंधरा-वीस तासांचेच असतात, म्हणून लोक ‘तीन आठवड्यांत उडवतो’ म्हणतात. उडवतातही.

१२. माझा प्रगतीचा बार ६० टक्क्यांच्या पुढं सरकतच नाही.

फुकट खात्यातून बघत असाल तर अनेक साइट्स व्हिडिओ दाखवतात, पण तपासली जाणारी असाइनमेंट बंद ठेवतात. तो भाग पैसे भरल्याशिवाय पूर्ण होत नाही, त्यात तुमची चूक नाही. काही ठिकाणी आर्थिक मदतीचा अर्ज असतो, तो भरा.

दुसरं कारण मोबाईल अॅप. व्हिडिओ उतरवून नेटशिवाय बघितला तर प्रगतीची नोंद नेट आल्यावर अॅप उघडल्याशिवाय जात नाही. पावसाळ्यात इकडं लाइट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नसतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठच्या मुलांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा असाइनमेंट शेवटच्या रात्रीवर टाकू नका आणि भरल्यावर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१३. चार साइट्सवर चार कोर्स आहेत. सगळं एका जागी दिसेल असं काही?

एखादी साइट शोधू नका, पुन्हा पाचवं खातं होईल. प्रश्न ६ मधलं पान तेच काम करतं, कारण त्यात ओळी कौशल्यांच्या आहेत, कोर्सच्या नाहीत. एक्सेल नको असेल तर दोनशे पानी वही घ्या.

१४. कंपनीनं शिकायला खातं दिलंय. साहेबांना माझं सगळं दिसतं का?

कंपनीच्या खात्यात लॉगिनच्या वेळा, पूर्ण झालेले भाग, क्विझचे गुण हे अॅडमिनला आणि बहुधा तुमच्या साहेबांनाही दिसतं. तसं गृहीत धरूनच वागा. कंपनीच्या खात्यातून ‘नवीन नोकरीची तयारी’ शोधत बसू नका, एवढं शहाणपण पुरे.

दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. कंपनी किंवा कॉलेजचा ईमेल बंद झाला की त्यावरचा सगळा इतिहास जातो. सर्टिफिकेट मिळालं त्याच दिवशी पीडीएफ उतरवा, पडताळणीची लिंक वहीत लिहा आणि साइट परवानगी देत असेल तर खात्याला स्वतःचा ईमेलही जोडा.

आणखी एक. कंपनीच्या डॅशबोर्डवर सुरक्षा, आचारसंहिता, आग विझवणं असे सक्तीचे कोर्स भरपूर असतात. ते कराच, पण त्यांची संख्या मोजून प्रगती झाली असं धरू नका.

१५. सर्टिफिकेटची मुदत संपते का?

नुसत्या कोर्सच्या सर्टिफिकेटची सहसा नाही. तंत्रज्ञान कंपन्यांच्या परीक्षांची संपते. एडब्ल्यूएसची (अॅमेझॉनची क्लाउड सेवा) तीन वर्षांनी. मायक्रोसॉफ्टची असोसिएट आणि एक्स्पर्ट पातळीची एका वर्षात, पण ती मुदतीआधीच्या सहा महिन्यांत ऑनलाइन चाचणी देऊन फुकट वाढवता येतात. ती चाचणी विसरली तर मूळ परीक्षा पुन्हा पैसे भरून.

१६. इंग्रजीमुळे अडतं. त्याची नोंद कुठं ठेवायची?

वेगळ्या ओळीत. विषय समजत नाही आणि भाषा समजत नाही, या दोन वेगळ्या अडचणी आहेत. डॅशबोर्ड दोन्ही एकाच कमी गुणात दाखवतो. एनपीटीईएलच्या अनेक कोर्सचा मजकूर मराठीत उपलब्ध आहे. तो आधी वाचून मग इंग्रजी व्याख्यान ऐका. तरीही गुण कमीच राहिले तर अडचण विषयाची.

१७. करिअर पुढं सरकतंय की नाही, हे कशावरून ओळखायचं?

डॅशबोर्डवरून तर नाहीच. पगारावरूनही लगेच कळत नाही, कारण आपल्याकडं पगारवाढ वर्षातून एकदा, तीही मालकाच्या मर्जीनं. मी तरी दिलेल्या कामावरून ओळखतो. मशीनशॉपमध्ये ऑपरेटर, सेटर, प्रोग्रॅमर अशी चढण आहे. नवीन जॉबचं पहिलं सेटिंग तुमच्यावर सोडलं, रिजेक्शन आल्यावर तुम्हाला बोलावलं, शिकाऊ मुलगा तुमच्या हाताखाली दिला, की पद कागदावर यायच्या आधीच तुम्ही सरकलात. हिशेबाच्या ऑफिसात पार्टीचा फोन थेट तुमच्याकडं येऊ लागतो. सॉफ्टवेअरमध्ये तुमचा कोड कमी दुरुस्त्यांनी पास होतो आणि दुसऱ्याचा तपासायला मिळतो.

अशा घटना तारखेसह त्याच पानावर लिहा. दर तीन महिन्यांनी यादी पुन्हा जाहिरातींशी लावून बघा, कारण मागण्या बदलतात. कालपर्यंत नुसतं व्हीएमसी मागणारे आता चौथ्या अक्षाचं विचारतात. तीन महिन्यांत एकही नवीन काम हाती आलं नसेल, तर आणखी एक कोर्स लावायच्या आधी सुपरवायझरशी बोला. ‘साहेब, पुढचं सेटिंग मी करू का, तुम्ही बघा’ असं सरळ विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

कामाची संधीच नसलेल्यांसाठी शिकाऊ उमेदवारीचा मार्ग आहे. १९६१ च्या कायद्याखालची ही योजना आयटीआयवाल्यांपुरती उरलेली नाही, पदवीधरही घेतात आणि विद्यावेतन मिळतं.

१८. बायोडाट्यात कोर्स किती लिहावेत?

जागेशी संबंधित दोन-तीन. बाकीची यादी वाचायला कुणाला वेळ नसतो. प्रत्येकाखाली एक ओळ, त्यातून काय केलं त्याची: ‘तीन महिन्यांच्या खरेदी बिलांची २बीशी जुळवणी’. बॅजची चित्रं चिकटवू नका, छापल्यावर काळी येतात.

१९. कोर्स अर्धवट सोडला तर रेकॉर्डवर डाग लागतो का?

तुमच्या खासगी खात्यातला अर्धवट कोर्स मुलाखत घेणाऱ्याला दिसत नाही. यादीत रेघ न मिळालेला विषय असेल तर बिनधास्त सोडा. विद्यापीठाच्या क्रेडिटसाठी घेतलेला असेल तर मात्र विभागाला कळवल्याशिवाय सोडू नका, मार्कशीटचा प्रश्न येतो.

२०. अभ्यासिकेत हे पान कुणी बघून देतं का?

देतो. रविवारी सकाळी या, फी नाही. येताना तुम्हाला हव्या त्या पदाच्या किमान पाच जाहिराती आणा, मोबाईलमधले फोटो चालतील. सर्टिफिकेटची फाइल घरी ठेवली तरी चालेल. आणि डॅशबोर्ड दाखवायचा असेल तर पासवर्ड आठवून या, निम्मा वेळ ओटीपीची वाट बघण्यात जातो.